एका फोटोच्या बारा पायऱ्या

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अक्कांच्या डोळ्यांत तीनदा थेंब टाकले, दोनदा त्यांचं डोकं यंत्राला टेकवायला लावलं आणि शेवटी अक्कांना सोडून धाकट्यांकडे बघत सांगितलं, की पडद्याचा मधला भाग चाललाय. कडेकडेचं दिसत राहील, पण समोरच्याचा चेहरा दिसणार नाही. सहा महिने म्हणा, फार तर आठ.

"म्हणजे लोकांचे कान दिसतील?" अक्कांनी विचारलं.

"हो, कडेचं दिसेल थोडंफार."

"मग माझं काही अडत नाही. घरातली माणसं मी कानांवरूनच ओळखते. ओढलेत सगळ्यांचे."

डॉक्टर हसले. धाकट्यांना हसू आलं नाही. रिक्षात बसल्यावर त्यांनी अक्कांचा हात धरला आणि अक्कांनी तो, घाम येतो म्हणून, सोडवून घेतला.

धाकटे म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ. वय वर्षं एकसष्ट. पाणीपुरवठा कार्यालयाच्या जावक विभागातून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालेले, गुडघे कुरकुरणारे, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारे गृहस्थ. पण लहानपणी अक्का त्यांना 'धाकटा' म्हणाल्या ते बायकोपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी उचललं, आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या मानपत्रावरसुद्धा 'आमचे लाडके धाकटे' असंच छापून आलं होतं.

त्यांची आई गेली तेव्हा ते आठ महिन्यांचे होते आणि अक्का नऊ वर्षांच्या. वडील कायम फिरतीवर, म्हणून अक्कांनीच त्यांना वाढवलं. घरात आईचा एकही फोटो नव्हता. का नव्हता, या प्रश्नाला वडिलांनी आयुष्यभर "नव्हता" एवढंच उत्तर दिलं आणि तेही वारले. धाकट्यांना आईचा चेहरा माहीत नव्हता. एकसष्ट वर्षं त्यांनी हे आज बघू, उद्या बघू करत पुढे ढकललं होतं. ढकलणं हा त्यांच्या विभागाचा आत्माच होता. पण आता हिशोब सरळ होता. आईचा फोटो कुठे मिळालाच, तर त्यातली आई कोणती हे सांगू शकणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाच्या डोळ्यांना सहा महिने दिलेले होते.

धाकट्यांनी वाचनालयातून एक पुस्तिका आणली: 'आपलं घराणं आपणच शोधा — बारा सोप्या पायऱ्या'. सातवी आणि आठवी पायरी कुणीतरी फाडून नेली होती. याचा अर्थ आधीचा वाचक निदान सहावीपर्यंत पोचला होता, अशी धाकट्यांनी स्वतःची समजूत काढली.

पायरी पहिली: घरातल्या वडीलधाऱ्यांशी निवांत बोला, त्यांना बोलतं करा. ज्या कुणी हे लिहिलं तो अक्कांना भेटलेला नव्हता. अक्कांना बोलतं करावं लागत नाही. त्यांना एका दिशेने बोलतं करणं हे काम आहे, आणि ते आजवर कुणालाही जमलेलं नाही. तरी धाकट्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला, ध्वनिमुद्रण सुरू केलं, घसा खाकरला.

"अक्का, आई दिसायला कशी होती?"

"चारचौघींसारखी."

"म्हणजे नेमकी कशी?"

"दोन डोळे, एक नाक. तू शर्ट उलटा घातलायस."

"तिचा एखादा फोटो कुठे असेल? जुन्या पेटीत, कुणा नातेवाइकाकडे?"

"नाही."

"अगं, जरा आठवून तरी बघ."

"नाही म्हणजे नाही. त्यात आठवायचं काय? शिवण दिसतेय बघ खांद्यावर. आणि असाच डॉक्टरांकडे आला होतास!"

एक तास चाळीस मिनिटांचं ते मुद्रण धाकट्यांनी पुढे चारदा ऐकलं. त्यात त्यांचा शर्ट, त्यांचे गुडघे, तीस वर्षांपूर्वी अक्कांना फसवणारा एक चपलांचा दुकानदार, धाकट्यांच्या बायकोचा नळ अर्धवट बंद करण्याचा स्वभाव आणि शेवटची वीस मिनिटं नुसता पंखा होता. आईबद्दल दोन वाक्यं. त्यातलं एक 'दोन डोळे, एक नाक'.

"तुम्ही त्यांना उगाच छळताय," बायको म्हणाली. "त्यांना नसेल बोलायचं."

"का नसेल? माझीही आई होती ना ती!"

"तेच तर," बायको म्हणाली आणि नळ अर्धवट बंद करून निघून गेली. धाकट्यांना हे उत्तर कळलं नाही. नळ त्यांनी पूर्ण बंद केला.

आता बातमी इमारतीत पसरली होती. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर दोन जण चौकशीला येतात, पण माणसाने काही शोधायला घेतलं की सल्ला द्यायला अख्खा मजला उतरतो. शेजारचे भूगोलाचे निवृत्त सर त्याच संध्याकाळी कार्डशीटचे नऊ मोठे कागद बगलेत मारून हजर झाले.

"झाड काढायचं, धाकटे. वंशाचं झाड. नकाशाशिवाय प्रवास नाही."

"मला फक्त आईचा फोटो हवाय, सर."

"तो फळ झाला. आधी खोड!"

सरांनी नऊ कागद चिकटवून हॉलच्या भिंतीवर लावले आणि नमुना म्हणून स्वतःचं घराणं भरायला घेतलं. पंधरा दिवस ते रोज चहाला येऊन नमुना भरत होते. शेवटी धाकट्यांच्या हॉलमध्ये सरांच्या सात पिढ्यांमधली एकशे त्रेचाळीस माणसं लाल, निळ्या आणि हिरव्या शाईत नांदू लागली. उजव्या कोपऱ्यात, स्विचबोर्डाच्या वर, पेन्सिलीने दोन चौकटी होत्या. एकीत 'धाकटे' आणि दुसरीत 'आई (?)'. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, केवढं मोठं घराणं हो तुमचं!

कुणाच्या तरी सांगण्यावरून धाकट्यांनी वंशावळीच्या एका संकेतस्थळावरही नाव नोंदवलं. संकेतस्थळाने दोन मिनिटांत त्यांना चारशे बारा संभाव्य नातेवाईक काढून दिले. त्यातल्या एका समुद्रापलीकडच्या चुलतभावाने रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवायला सुरुवात केली. धाकटे गहिवरले. दहाव्या दिवशी चुलतभावाने विम्याचं माहितीपत्रक पाठवलं.

पायरी चौथी: जन्ममृत्यू नोंदणी कार्यालय. इथे मात्र धाकट्यांची छाती फुगली. चौतीस वर्षं सरकारी टेबलामागे काढलेला माणूस. खिडक्या, खतावण्या, अर्ज हे त्यांचं माहेर. ते इस्त्रीचे कपडे घालून खिडकी क्रमांक तीनसमोर उभे राहिले आणि आतल्या बाईंना, आपण एकाच पेशातले अशा सुरात, काम सांगितलं.

"मृत्यूची तारीख?" बाईंनी विचारलं.

"तीच तर हवीये."

"तारखेशिवाय नोंद सापडत नाही."

"पण नोंद सापडल्याशिवाय तारीख कळणार कशी?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. सहानुभूतीने विचार केला. "खरंय हो," त्या म्हणाल्या, आणि खिडकी लावून घेतली.

धाकट्यांचा अपमान झाला तो नकार मिळाला म्हणून नव्हे. ही सगळी वाक्यं त्यांनी स्वतः चौतीस वर्षं वापरलेली होती. आज तीच त्यांच्यावर वापरली जात होती, आणि वर, त्यांच्या मते, फारच ढिसाळ पद्धतीने. "आम्ही निदान 'वरून उत्तर आलं की कळवतो' तरी म्हणायचो," ते घरी येऊन पाण्याचा ग्लास आपटत म्हणाले. "माणसाला काही आशा असायची!"

तारखेचं अक्कांना विचारलं, तर त्या लगेच म्हणाल्या, "तुझा पहिला दात आला त्याच आठवड्यात."

हे धाकट्यांनी खिडकी तीनला सांगितलं. खिडकी तीनने दातांचा कागद मागितला. बाईंनी तो चेष्टेने मागितला की गंभीरपणे, हे धाकट्यांना अजून ठरवता आलेलं नाही. पण तळमजल्यावर दंतवैद्य राहतो आणि त्याच्याकडे दुपारी कुणी येत नाही. त्याने धाकट्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंड उघडायला लावलं, उरलेले दात आरशाने पाहिले आणि छापील कागदावर दाखला दिला: सदर इसमास पहिला दात वयाच्या आठव्या महिन्यात येणे वैद्यकीयदृष्ट्या पूर्णपणे संभवते. खाली सही आणि गोल शिक्का.

आणि काय सांगावं, कार्यालयाने तो घेतला! मजकूर कुणी वाचलासुद्धा नाही. गोल शिक्का पाहून बाईंच्या चेहऱ्यावर जी शांतता पसरली ती धाकट्यांनी लगेच ओळखली. आपल्या उमेदीच्या काळात त्यांच्याही चेहऱ्यावर ती रोज पसरायची.

"आता नात्याचा पुरावा," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांचे चिरंजीव कशावरून?"

धाकट्यांनी विजयी मुद्रेने जन्मदाखला पुढे केला. बाईंनी तो वाचला आणि काचेतून त्यांच्याकडे वळवला. आईच्या रकान्यात आईचं नाव होतं. मुलाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'पुरुष अपत्य'. नाव ठेवायच्या आधीच नोंद झाली होती आणि नंतर भरायला कुणी फिरकलंच नव्हतं. एकसष्ट वर्षं सरकारदरबारी धाकट्यांना नावच नव्हतं.

"हे पुरुष अपत्य तुम्हीच कशावरून?"

"मग काय मी शेजारच्यांचा आहे?"

"तसंही असू शकतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "प्रतिज्ञापत्र आणा. जन्माच्या वेळी हजर असलेला साक्षीदार लागेल."

वकिलाने मसुदा केला: मी, खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर सांगतो की ते पुरुष अपत्य मीच. धाकट्यांनी हे वाक्य वकिलासमोर मोठ्याने म्हटलं तेव्हा बाकावर बसलेले चार अशील वळून बघू लागले. साक्षीदार म्हणून अक्का आल्या होत्या.

"आजी, तुम्ही जन्माच्या वेळी खोलीत होतात?" वकिलाने विचारलं.

"दाराबाहेर होते. आवाज ऐकला."

"मग हे तेच कशावरून?"

"आवाज अजून तोच आहे ना. काही मनासारखं झालं नाही की असाच ओरडतो."

सही करताना अक्कांना कागदाचा मधला भाग दिसत नव्हता. त्यांनी ठाम हाताने, सुंदर वळणदार सही केली, ती टेबलाच्या काचेवर. दुसरी वकिलाच्या डायरीवर. तिसऱ्या वेळी धाकट्यांनी त्यांचं बोट धरून जागेवर नेलं आणि पेन टेकवून दिलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या सहा महिन्यांतले अडीच संपले होते, हे त्या क्षणी दोघांनाही कळलं.

नोंद मिळाली. आईचं नाव, तारीख, कारण: ताप. आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात, व्यवसाय: टेलिफोन ऑपरेटर.

धाकटे तो कागद घेऊन धावत घरी आले. "अक्का! आई नोकरी करत होती?"

"हो मग. टेलिफोन एक्स्चेंजला."

"एकसष्ट वर्षांत मला सांगितलं नाहीस!"

"विचारलंस का कधी? तू फोटो विचारलास."

धाकट्यांनी भिंतीवर डोकं टेकलं. ते नेमकं सरांच्या खापरपणजोबांवर टेकलं.

पण आता वाट सापडली होती. कचेरी म्हटली की हजेरीपट, सेवापुस्तिका, ओळखपत्र आणि सगळ्यात मुख्य म्हणजे वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांचा समूहफोटो. पहिली रांग खाली बसलेली, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी मागे बाकांवर उभी. पाणीपुरवठ्याचे असे चौतीस फोटो धाकट्यांच्या कपाटात होते आणि सगळ्यांत त्यांचे डोळे मिटलेले होते.

एक्स्चेंजच्या इमारतीत आता व्यायामशाळा होती. जिथे बायका कानाला यंत्र लावून साऱ्या शहराची बोलणी जोडून देत, तिथे धट्टीकट्टी माणसं एका जागी उभी राहून धावत होती. कागदपत्रं मुख्य कचेरीत गेली होती. मुख्य कचेरीने ती गोदामात पाठवली होती. गोदामाच्या रखवालदाराने सांगितलं, की मागल्या पुरात खालचे कप्पे गेले आणि वरच्या कप्प्यांत फक्त पंख्यांच्या दुरुस्तीचे कागद आहेत. त्यात दीड महिना गेला. शेवटी रखवालदारच म्हणाला, "अहो, कागद कशाला शोधता? बायका शोधा. त्या म्हाताऱ्या ऑपरेटर दर शनिवारी बागेपलीकडच्या वाचनालयात जमतात. माझी मावशी जाते."

दीड महिना कागद चाळला, आणि माणसांना विचारण्याचं धाकट्यांच्या डोक्यात आलं नाही. जावक विभागाचा माणूस. त्यांच्या जगात माणसं पाकिटावरच्या पत्त्यापुरती असत.

शनिवारी वाचनालयात सात म्हाताऱ्या होत्या. सातही जणी एकाच वेळी सात वेगवेगळ्या विषयांवर बोलत होत्या आणि प्रत्येकीला बाकी सहा जणींचं स्वच्छ ऐकू येत होतं. बोलण्यातलं आयुष्यभराचं हे कौशल्य पाहून धाकटे थक्क झाले. त्यांनी आईचं नाव सांगितलं. "थांबा हं," एक म्हणाली आणि पुढची पंचवीस मिनिटं कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग नव्वदीच्या एका बाईंनी काठी आपटली. सगळ्या गप्प झाल्या. या जुन्या सुपरवायझर.

"पाच नंबरच्या बोर्डावर बसायची," सुपरवायझर बाई म्हणाल्या. "आवाज गोड. हसरी. बाळंतपणानंतर परत कामावर आली होती. मग गेली बिचारी. तू बाळंतपण का?"

"हो," धाकटे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना 'पुरुष अपत्य'पेक्षा वरचं पद दिलं होतं.

"त्या वर्षीचा ग्रुपफोटो आहे माझ्याकडे. भिंतीवर."

त्याच दिवशी धाकटे बाईंच्या घरी गेले. फोटो होता. तीन रांगा, एकतीस बायका, सगळ्यांना एकच कॉलरचा गणवेश, आणि प्रत्येक चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

"यातली आई कोणती?"

"ही." बाईंनी बोट ठेवलं. मग चष्मा बदलला. "नाही, ही." मग खिडकीजवळ नेऊन म्हणाल्या, "ही बहुतेक. पण आहे नक्की यात. सगळ्या होत्या त्या दिवशी, मीच रांगा लावल्या होत्या."

"खाली नावं असतील ना? चौकटीखाली झाकलेली दिसतात. चौकट उघडू का?"

"खबरदार! ही चौकट माझ्या नवऱ्याने ठोकलीय. ते चारही खिळे त्याच्या हातचे आहेत."

तेव्हा धाकट्यांनी काचेवरूनच मोबाइलने फोटो काढला आणि तो मोठा करायला जाहिरातीचे फलक छापणाऱ्या दुकानात दिला. अक्कांना कडेकडेचंच दिसतं, तर चेहरे ताटाएवढे हवेत, हा त्यांचा हिशोब. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी आठ फूट बाय पाच फुटांची गुंडाळी दिली. घरी उलगडली तर एकतीसच्या एकतीस बायका गोऱ्यापान, गाल गुलाबी, ओठ लाल, कपाळं गुळगुळीत. साबणाच्या जाहिरातीतली एकच बाई एकतीस वेळा बसवल्यासारखी.

"चेहरे फार जुने वाटत होते, साहेब," दुकानदार म्हणाला. "जरा सुधारले."

"माझी आई सुधारायला दिली नव्हती मी!" धाकटे दुकानात एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्या दुकानातल्या लोकांना हे तेच पुरुष अपत्य आहे याविषयी शंका उरली नसती.

दुसरी प्रत काळीपांढरी, जशीच्या तशी आली. ती लावायला सरांचं घराणं उतरवावं लागलं. सर दुखावले, पण कार्यक्रमाला आले, वर्गातली नकाशावर फिरवायची लांब छडी घेऊन. फलकाने खिडकी झाकली गेली, दिव्याचं बटण झाकलं गेलं, हॉलमध्ये अंधारून आलं, आणि त्या अर्ध्या उजेडात एकतीस बायका घरात राहायला आल्यासारख्या भिंतभर उभ्या राहिल्या. अक्कांना मधोमध खुर्ची दिली. त्या आता कुणाकडे बघायचं तर दुसरीकडेच बघत. फलकाकडे बघण्यासाठी त्यांनी तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं.

"पहिली रांग, डावीकडून पहिली," सरांनी छडी टेकवली.

"नाही. हिची हनुवटी बघा, ड्रॉवर उघडा राहिल्यासारखी."

"दुसरी."

"ही तर चिडलीय कुणावर तरी. नाही."

एकतीस चेहरे. अक्का घाई करत नव्हत्या. मान इकडे, मान तिकडे, मध्येच उठून दोन पावलं पुढे. धाकटे प्रत्येक छडीला श्वास धरत आणि प्रत्येक 'नाही'ला सोडत. सुपरवायझर बाईंच्या तिन्ही उमेदवार बाद झाल्या. तिसऱ्या रांगेतली शेवटची आली. अक्का तिच्याकडे, म्हणजे स्वयंपाकघराकडे, बराच वेळ बघत राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "यात आई नाही."

"तिसरी रांग परत बघ."

बघितली. दुसरीही बघितली. सरांचा हात दुखू लागला.

"नाही रे. आईची मान यातल्या एकीचीही नाही."

धाकटे स्वयंपाकघरात गेले. बायकोला दबक्या आवाजात म्हणाले, "उशीर झाला. गेले तिचे डोळे. समोर असूनही दिसत नाहीये तिला."

"डोळे गेलेत, धाकट्या," बाहेरून आवाज आला. "कान शाबूत आहेत. आणि अक्कलसुद्धा."

मग मात्र हॉलमध्ये परत आलेल्या धाकट्यांचा तोल सुटला. साडेपाच महिन्यांच्या खिडक्या, शिक्के, दात, पुराचे कागद सगळं एकदम घशाशी आलं. "अगं, मला एकदाच तिचा चेहरा बघायचाय! एवढं काय जातं तुझं? ठेव ना एखादीवर बोट! कुणावरही ठेव! मी मानीन!"

सरांनी छडी खाली घेतली.

"दुसऱ्या कुणाच्या आईवर बोट ठेवू?" अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो कापतो हे धाकट्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

बायकोने हात पुसले, धाकट्यांचा मोबाइल उचलला आणि सुपरवायझर बाईंना फोन लावून आवाज सगळ्यांना ऐकू येईलसा केला. "बाई, आमच्या अक्का म्हणतात, फोटोत आई नाही."

"नाही? मीच रांगा लावल्या होत्या! बेचाळीस वर्षं नोकरी केलीय मी, एक जोडणी चुकलेली नाही!"

"असेलही, बाई. पण अक्काही सहसा चुकत नाहीत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, काहीतरी उपसल्याचा आवाज, एक खिळा फरशीवर पडल्याचा आवाज. दुसरा. तिसरा. "जपून ठेवते मी हे, परत लावायला," असं बाई स्वतःशीच म्हणाल्या. चौथा.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या, आणि नव्वदीतल्या त्या बाईचा आवाज बघता बघता पंचविशीतला झाला. स्पष्ट, सावकाश, प्रत्येक नावाच्या शेवटी किंचित उंचावणारा. बसलेल्या, डावीकडून. खुर्चीवर, डावीकडून. उभ्या, डावीकडून. एकतीस नावं. त्यात आईचं नव्हतं.

"थांबा. खाली अजून एक ओळ आहे. बारीक अक्षरात." भिंग शोधल्याची खुडबुड. "गैरहजर," बाईंनी वाचलं, आणि पुढे आईचं नाव, पूर्ण, आडनावासकट.

त्या घरात ते नाव मोठ्याने कुणी घेतल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"तो दिवस होय!" अक्का म्हणाल्या. "तो हा फोटो?"

"कोणता दिवस?" धाकट्यांनी विचारलं.

"अरे, आदल्या रात्रीच गणवेशाला इस्त्री केली होती, सकाळी परत केली. शेजारणीचे मोत्याचे कानातले मागून आणले. केस असे वर घेतले, सगळे, मान मोकळी. आरशात बघून हसत होती, तर मी म्हटलं, फोटोत हसायचं नसतं. म्हणाली, मी हसणार. निघाली आणि दारातून परत आली, तुझा पापा घ्यायला. उचललं, आणि तू ओकलास."

"मी?"

"मग काय मी? कॉलरपासून पार खालपर्यंत. हात लावला तर अंग तापलेलं. दुसरा गणवेश दोरीवर ओला. कुठची जाते!"

साडेपाच महिने धाकटे ज्या गुन्हेगाराला शोधत होते तो सापडला होता. "रडली?"

"छे. एवढी हसली, एवढी हसली, की तशीच खाली बसली, तुला मांडीवर घेऊन, सगळ्या घाणीत. म्हणाली, जाऊ दे गं, पुढच्या वर्षी काढू."

सरांनी छडी भिंतीला टेकवून ठेवली आणि चपला हातात घेऊन आवाज न करता निघून गेले. बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. धाकटे अक्कांच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले तरी.

"हसताना कशी दिसायची गं?"

या वेळी अक्का चारचौघींसारखी म्हणाल्या नाहीत. त्यांनी धाकट्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघायला म्हणून मान पार दुसरीकडे वळवली. "असा उजेडाकडे सरक की," त्या म्हणाल्या, "सांगते." आणि सांगायला लागल्या, कपाळापासून.

टेबलावरचा फोन अजून चालूच होता.

"हॅलो?" सुपरवायझर बाईंचा आवाज आला. "लाइन सोडू का?"

बायकोने फोन उचलून कानाशी धरला. "नको, बाई," ती हळूच म्हणाली. "बोलणं चालू आहे."